डोलकाठीच्या तारांचं वय

रत्नागिरी
अक्षय्य तृतीया

चि. बायो,


शिडाच्या बोटीचे फोटो पाहिले. जुनी असली तरी बांधा चांगला आहे. पण डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा आधीच्या मालकाने कधी बदलल्या, याचं उत्तर तुझ्या पत्रात नाही. ‘अजून चकाकतात’ एवढंच आहे. चकाकीवर जाऊ नकोस. तारेचं वय विचार, आणि ते कळत नसेल तर ती म्हातारी झाली असंच धर.

या तारा स्टेनलेस स्टीलच्या असतात. ते गंजत नाही, हा समज आपल्या किनाऱ्यावर तरी सोडावा. त्याच्या अंगावरचा पातळ संरक्षक थर हवेतल्या प्राणवायूवर टिकतो. खारं पाणी साचतं आणि हवा पोचत नाही, तिथे तो थर फुटतो आणि धातू आतून पोखरत जातो. तारेच्या टोकावर यंत्राने दाबून बसवलेली नळी, म्हणजे स्वेज, ही अशीच जागा. खालच्या स्वेजचं तोंड वर असतं, त्यामुळे तारेवरून ओघळलेलं पाणी थेट आत उतरतं. म्हणून बहुधा खालचीच टोकं आधी जातात. दुसरी जागा चेनप्लेटची, म्हणजे तारेचं खालचं टोक बोटीला जिथे अडकवतात त्या पट्टीची. डेकमधून आरपार जाताना तिचा जो पट्टा झाकला जातो, तो वरून दिसत नाही आणि खालूनही नाही. ती काढूनच बघावी लागते.

आगोट जवळ आली. १ जूनला मासेमारी बंद होते, मिरकरवाडा बंदरात होड्या वर ओढून शाकारल्या जातील. तूही बोट वर घेशील तेव्हा डोलकाठी उतरवून आडवी ठेव. सुती फडकं घेऊन प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत पूस. उघडा हात फिरवू नकोस. तुटका तंतू असेल तिथे फडकं अडकतं. १९ तंतूंच्या तारेतला एक तुटला, तर उरलेल्या अठरांनीही तितकेच पावसाळे काढलेत, हे विसरू नकोस.

मग स्वेज गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून भिंगाने बघ. बारीक उभी चीर, तोंडाशी तपकिरी ओघळ किंवा नळीला किंचित वाक, यातलं काहीही दिसलं तर तार बाद. शंका उरली तर वेल्डिंगचे जोड तपासायला वापरतात तो डाय पेनेट्रंट आण. लाल रंग लावून थोडा वेळ मुरू दे, पुसून घे, वर पांढरा डेव्हलपर मार. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

चांगल्या तारेचं आयुष्य साधारण १० ते १५ वर्षं धरतात. आपल्या उष्ण, खाऱ्या हवेत १० च धर. बदलायच्या झाल्या की सगळ्या बदल; एक नवी आणि बाकी जुन्या असा हिशेब करू नकोस. तार ३१६ प्रतीचीच घे. टर्नबकल, म्हणजे ताण कमी-जास्त करायचा स्क्रू, आणि पिनाही तपास, स्प्लिट पिना सगळ्या नव्या घाल. स्वेज दाबायचं यंत्र हाताशी नसेल तर पान्याने आवळायची टोकं मिळतात. ती पुन्हा उघडून आत बघता येतं, म्हणून मला तीच पसंत आहेत.

२०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत आपले दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली. पाठीला जबर मार बसल्याने ते जागचे हलू शकत नव्हते. मदत पोचायला जवळपास तीन दिवस लागले. तिथे कारण प्रचंड वादळाचं होतं, तारेच्या वयाचं नव्हे. पण भर समुद्रात डोलकाठी गेली की कसलेल्या दर्यावर्दीचीही काय अवस्था होते, ते त्यावरून समजून घे. वादळ कुणाला टाळता येत नाही. जुनी तार मात्र मे महिन्यात, जमिनीवर उभं राहून, खुशाल बदलता येते.

नारळी पौर्णिमेनंतर बोट उतरवलीस की पहिले काही फेरे भाट्याच्या खाडीच्या आसपासच मार. नवी तार सुरुवातीला थोडी लांबते, म्हणून दर फेरीनंतर ताण बघून टर्नबकल आवळ. ताण ठरल्यावरच जयगडपर्यंत जायचा विचार कर.

पैसे कमी पडत असतील तर यंदाचा रंग राहू दे, तारा आधी घे. तरीही कमी पडले तर संकोच न करता मला कळव.

तुझा,
मामा