लॉलीपॉप: साच्याआधी थर्मामीटर

घरी लॉलीपॉप करायचं मनात आलं की पहिली खरेदी साच्याची होते. फुलं, चांदण्या, अस्वलं, मोटारी, हवे ते आकार सिलिकॉनमध्ये स्वस्तात मिळतात, आणि साचा हातात आला की निम्मं काम झालं असं वाटायला लागतं. या समजुतीमुळेच बहुतेक घरगुती लॉलीपॉप बिघडतात, असं माझं ठाम मत आहे. साचा फक्त आकार देतो. गोळी कडक होणार की दाताला चिकटणार, काचेसारखी आरपार दिसणार की पांढुरकी पडणार, चार दिवस कोरडी राहणार की दुसऱ्या दिवशीच कागदाला धरून बसणार, या सगळ्याचा निकाल पाक साच्यात पडण्याआधीच लागलेला असतो. शेवटी पाकात पाणी किती उरलं, यावर तो ठरतो. चांगल्या कडक गोळीत ते जेमतेम एक-दोन टक्के असतं. एवढं थोडं पाणी डोळ्यांनी दिसत नाही, चमच्यावर कळत नाही आणि बोटाने तर तपासताच येत नाही. ते कळतं फक्त पाकाच्या तापमानावरून. म्हणून साच्याआधी थर्मामीटर घ्या, हे मी आग्रहाने सांगते. आणि तो घ्यायचा नसेल तर लॉलीपॉपच्या वाटेला जाऊ नये, असंही सांगते.

गुढीपाडव्याच्या गाठी आठवून पाहा. लाकडी साच्यात दोरा ठेवून पाक ओततात आणि पांढऱ्याशुभ्र पदकांची माळ बाहेर निघते. साखर तीच, पाणी तेच आणि साचाही आहेच. तरी गाठ आणि लॉलीपॉप हे एकमेकांच्या अगदी उलट पदार्थ आहेत. गाठीत साखरेचे स्फटिक पुन्हा जमायला हवे असतात. त्यासाठी पाक बराच आधी उतरवतात आणि घोटतात. असंख्य बारीक कणांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून गाठ पांढरी दिसते आणि दाताखाली भुरभुरते. लॉलीपॉपमध्ये मात्र एकही स्फटिक नको. पाक इतका आटवून गार करायचा की साखरेच्या रेणूंना रांगेत बसायला सवडच मिळू नये आणि सगळं जिथल्या तिथे थिजावं. शास्त्राच्या भाषेत ही काचच असते, साखरेची काच. हा फरक लक्षात आला की कृतीतल्या बारीकसारीक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. साखर विरघळल्यावर पाक ढवळायचा नाही, कारण ढवळल्याने स्फटिक जमायला लागतात. पातेल्याच्या कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या ब्रशने खाली उतरवायचे, किंवा उकळी फुटल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवून वाफेनेच कडा धुऊन घ्यायच्या, कारण कडेचा एक सुटा कण आत पडला तरी त्याच्याभोवती सगळा पाक दाणेदार होऊ शकतो.

आता आक्षेप. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या थर्मामीटरशिवाय पाक झाले. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे सगळं बायकांना बोटांनी कळत आलं, मग आजच हे उपकरण कशाला? बोटांची पारख खरीच आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण तिचा पल्ला पाहावा. एकतारीपासून गोळीबंद पाकापर्यंतचा सगळा प्रवास साधारण १०३ ते १२० अंश सेल्सिअसच्या आत होतो. तिथे पाकात पाणी भरपूर असतं, तापमान सावकाश चढतं, आणि थेंब वाटीभर पाण्यात टाकून किंवा दोन बोटांत धरून पाहायला वेळ मिळतो. लॉलीपॉपचा पाक १४९ ते १५४ अंशांना उतरवायचा असतो. १४० अंशांच्या आसपास त्यात चार-पाच टक्के पाणी असतं आणि १५० ला एखादाच टक्का. हे शेवटचे दहा अंश फार लवकर सरतात, आणि १६० च्या पुढे साखर जळकट व्हायला लागते. थेंब पाण्यात टाकून, तो कडक होण्याची वाट बघून, मोडून पाहीपर्यंत पातेल्यातला पाक पुढे निघून गेलेला असतो.

याहून जोरकस आक्षेप चिक्कीचा आहे. चिक्कीचा गुळाचा पाकही कडकच लागतो. थेंब पाण्यात टाकला की कट्‌कन मोडला पाहिजे, एवढ्या एका खुणेवर घरोघरी उत्तम चिक्की होते. हे खरं आहे, पण चिक्कीत पाकाला सांभाळून घेणारे दाणे असतात. पाक फक्त दाण्यांमधला पातळ थर असतो, आणि तो थोडा कच्चा राहिला तर चिक्की जरा चिवट होते इतकंच. लॉलीपॉपमध्ये पाकाशिवाय दुसरं काही नसतंच, त्यामुळे पाकाची चूक झाकायलाही काही नसतं. शिवाय चिक्कीचा रंग गुळाचाच असतो, तिथे पाच-सात अंश जास्त झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पाण्यातली परीक्षा थर्मामीटरच्या जोडीला जरूर करावी. एकट्या तिच्यावर विसंबू नये.

थर्मामीटर पाकासाठीचाच हवा, २०० अंशांपर्यंत मोजणारा आणि पातेल्याच्या कडेला अडकवता येणारा. तापाचा थर्मामीटर ४२ अंशांपुढे जात नाही, आणि लांबून रोखायची बंदूक फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते. टोक पाकात बुडालेलं असावं, पण तळाला टेकलेलं नसावं. नवा थर्मामीटर आधी साध्या उकळत्या पाण्यात धरून पाहावा. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला, महाबळेश्वरला ९५-९६ च्या सुमारास. तुमच्या गावी, तुमच्या थर्मामीटरवर उकळत्या पाण्याचा जो आकडा दिसेल त्यात ५० मिळवा. तुमचा पाक त्या आकड्याला तयार होईल. गावाची उंची आणि थर्मामीटरमधली थोडी खोट, दोन्हींचा हिशेब यातच येतो. पुस्तकातला १५० हा आकडा समुद्रकाठचा आहे, हे घाटावरच्या माणसांनी विसरू नये.

दुसरा वाद लिक्विड ग्लुकोजवरून होतो. ‘बाजारातलं ते चिकट रसायन कशाला, लिंबू पिळलं की झालं,’ असं पुष्कळ जण म्हणतात. लिंबाने काम होतं, पण किती होईल ते आपल्या हातात राहत नाही. आम्लामुळे साखरेची फोड होऊन तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनतं. थोडी फोड उपयोगाची असते, कारण वेगवेगळ्या जातींचे रेणू मिसळले की स्फटिक जमत नाहीत. मात्र ती किती होणार हे लिंबाच्या आंबटपणावर, आचेवर आणि पाक किती वेळ उकळला यावर ठरतं, आणि जास्त झाली तर फ्रुक्टोज हवेतली ओल झपाट्याने ओढून घेतं. तो लॉलीपॉप हातात धरवत नाही. लिक्विड ग्लुकोजने स्फटिक अडतात आणि प्रमाणही आपल्या ताब्यात राहतं. ४०० ग्रॅम साखरेला १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि १५० मिलिलिटर पाणी हे भरवशाचं माप आहे. केकच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं. डब्यातली ग्लुकोजची पावडर म्हणजे हे नव्हे. आंबटपणा हवा असेल तर पाक उतरवून त्याचे बुडबुडे बसल्यावर, १३० अंशांच्या सुमारास, एक लहान चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घालावं. गुळाचे लॉलीपॉप करायची हौस असणाऱ्यांनाही हेच सांगणं: अशी फुटलेली साखर गुळात मुळातच असते, त्यामुळे पावसाळ्यात ते कोरडे राहत नाहीत.

प्रत्यक्ष पाक होताना बघण्यासारखा असतो. सुरुवातीला बुडबुडे मोठे, पातळ आणि घाईचे असतात, वाफ भरपूर निघते. मग वाफ ओसरते, बुडबुडे लहान आणि जड होतात, एकेक सावकाश फुटतो. आपल्या गावच्या आकड्याला दोन-तीन अंश उरले (समुद्रकाठी १४७-१४८) की आच बंद करावी, कारण जाड बुडाचं पातेलं आपल्या उष्णतेने उरलेले दोन-तीन अंश स्वतःच चढवतं. पातेल्याचं बूड क्षणभर गार पाण्याच्या परातीत टेकवलं की पाक तिथे थांबतो. परातीतलं पाणी पातेल्यात जाणार नाही, एवढं मात्र सांभाळावं. आता रंग, मग आंबटपणा आणि सर्वांत शेवटी स्वाद. स्वाद तेलातला घ्यावा. पाण्यातला किंवा अल्कोहोलमधला इसेन्स इतक्या गरम पाकात पडला की फसफसून उसळतो आणि त्याचा वासही बराचसा उडून जातो. चोचीच्या भांड्यातून पाक साच्यात ओतावा, कांडी ठेवून ती अर्धा वेढा फिरवावी म्हणजे तिच्यावर सगळीकडून पाक चढतो. साचा सिलिकॉनचा किंवा धातूचा असावा आणि कोरडा ठणठणीत असावा. चॉकलेटचे पातळ पारदर्शक प्लास्टिकचे साचे या उष्णतेत वाकतात, ते वापरूच नयेत.

पुढचा आक्षेप असा की, रावळगावची गोळी महिनोन्‌महिने कोरडी राहायची, मग घरची का ओलावते? मोठे कारखाने पाक निर्वात भांड्यांत आटवतात, त्यामुळे साखर न करपता पाणी निघून जातं. कारखान्यातली हवा कोरडी ठेवलेली असते आणि गोळी लगेच कागदात बंद होते. आपल्या स्वयंपाकघरात यातलं काहीच नसतं. डब्यातली दाणेदार साखर मुंबईच्या दमट हवेतही बऱ्यापैकी कोरडी राहते, कारण स्फटिक सहजी ओल धरत नाही. साखरेची काच मात्र त्याहून कितीतरी कमी दमटपणातही पाणी शोषायला लागते. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर लॉलीपॉप करायला घेऊच नयेत. नागपूरकरांची अडचण वेगळी आहे. पूर्ण कोरड्या साखरेची काच ६० अंशांच्या वर मऊ होते, पण आत जरासं पाणी राहिलं की हा आकडा भराभर खाली येतो, आणि कच्च्या पाकाचा लॉलीपॉप मे महिन्याच्या उकाड्यात उभा राहत नाही. दोन्हीकडे उपाय तोच: पाक पूर्ण आटवा, गोळी गार होताच एकेक गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर गार गोळीवर हवेतलं पाणी जमतं.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. लॉलीपॉप हा मुलांसोबत करायचा सुट्टीतला उद्योग म्हणून सुचवला जातो, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून तरी जातं. १५० अंशांचा पाक कातडीला चिकटतो, तिथेच थिजतो आणि थिजेपर्यंत भाजत राहतो. ‘आम्ही जवळ उभे राहू’ या आश्वासनाने धोका टळत नाही, कारण शिंतोडा उडायला क्षणही लागत नाही. मुलांनी साचे पुसावेत, कांड्या मोजाव्यात, गार झालेले लॉलीपॉप गुंडाळावेत, त्यांवर नावं चिकटवावीत; पातेलं शेगडीवर असेपर्यंत त्यांनी स्वयंपाकघराबाहेर राहावं. मोठ्यांनीही पूर्ण बाह्यांचा सुती कपडा घालावा, पायांत चपला असाव्यात आणि गार पाण्याचं घमेलं हाताशी ठेवावं. भाजलंच तर चिकटलेला पाक ओढून काढू नका, त्याबरोबर कातडी येते. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. साखर पाण्यात आपोआप विरघळते. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतलं काही लावू नका. फोड आले, किंवा चेहरा, डोळा अथवा हाताचा पंजा भाजला असेल तर तडक डॉक्टरकडे जा. तयार लॉलीपॉपही चार-पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नये; कडक गोळीचा तुकडा घशात अडकू शकतो.

घरचं म्हणजे शुद्ध, हेही आपोआप खरं ठरत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने ‘बुढ्ढी के बाल’च्या विक्रीवर बंदी घातली, ती त्यात ऱ्होडामिन बी हा कापड रंगवायचा रंग सापडल्यामुळे. सुट्या पुडीतला झगझगीत गुलाबी रंग घरच्या पाकात घातला तर आपण तेच करत असतो. पुडीवर खाद्यरंग असल्याचं आणि परवाना क्रमांक असल्याचं पाहून घ्यावं, आणि थेंब मोजून घालावा. परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांनाही आपल्या कायद्यात किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बिटाचा रस या उष्णतेला टिकत नाही, तपकिरी होतो. माझ्या मते बिनरंगी, पिवळसर झाक असलेला लॉलीपॉप सर्वांत देखणा दिसतो. कांड्या कागदाच्या घ्याव्यात. गोळीच्या प्लास्टिक कांड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

एवढं सगळं वाचून साचा घ्यायचा राहिला तरी काही बिघडत नाही. कोरड्या ताटाला तेलाचं बोट लावून त्यावर चमच्याने पाक सोडला आणि त्यात कांडी दाबली, तरी उत्तम गोल लॉलीपॉप होतो. थर्मामीटर मात्र आधी घ्या, आणि पहिल्या खेपेला तो उकळत्या पाण्यात धरून आपल्या गावचा आकडा पातेल्याशेजारी लिहून ठेवा.