ऋणाविना अनुबंध

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजाला जे प्रश्न विचारले, त्यांत एक मित्राविषयी आहे. गृहस्थाचा मित्र कोण, रोग्याचा कोण, मरणोन्मुखाचा कोण आणि प्रवासास निघालेल्याचा कोण? युधिष्ठिराने उत्तर दिले : गृहस्थाचा मित्र पत्नी, रोग्याचा वैद्य, मरणोन्मुखाचा दान आणि प्रवाशाचा मित्र सार्थ. सार्थ म्हणजे त्याच वाटेने चाललेला तांडा. त्यात नातलग क्वचितच. बहुतेक सारे अनोळखी. तरीही धर्मराजाने त्यांनाच मित्र म्हटले आहे.

अनोळखी मनुष्य मित्र कसा होतो, याचे मर्म गीतेच्या सतराव्या अध्यायात सापडते. सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना (श्लोक २०) भगवंतांनी ‘अनुपकारी’ असा शब्द योजला आहे. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्र पाहून, अनुपकाऱ्याला दिलेले दान ते सात्त्विक. श्रीशंकराचार्य या शब्दाचा आशय असा उलगडतात की, उपकाराची फेड करण्यास जो असमर्थ तो अनुपकारी. आणि समर्थ असला, तरी त्याच्यापासून कसलीही अपेक्षा न ठेवता द्यावे.

आप्तेष्टांत असा अनुपकारी मिळणे कठीण. लग्नकार्यातील आहेराची यादी घरोघरी जपून ठेवतात आणि पुढे ती पाहूनच परतफेड होते. त्यात गैर काही नाही. संसार असाच चालतो. या देण्याघेण्यातून जे जुळते त्याला आपण ऋणानुबंध म्हणतो. परंतु आगगाडीत शेजारी बसलेल्या आणि पुढच्या स्थानकावर उतरून जाणाऱ्या माणसाचे नाव कोणत्या यादीत लिहावे? तो पुन्हा भेटणार नाही. त्याला दिलेल्या घोटभर पाण्याची फेड होणे नाही. म्हणून सात्त्विक दानाचा अभ्यास करण्यास त्याच्यासारखा गुरू नाही.

मोठ्या शहरातील एखाद्या रुग्णालयाच्या ओसरीवर रात्र काढणारे दोन नातलग डोळ्यांपुढे आणावे. एक आंध्रातून आलेला, दुसरा बिहारमधून. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. पहिल्याचा डोळ्याला डोळा लागून तीन रात्री झाल्या आहेत. दुसरा आपली सतरंजी त्याच्याकडे सरकवितो आणि हाताने खुणावितो की, तू नीज; आतून बोलावणे आले तर मी उठवीन. यात द्रव्य नाही, विद्वत्ता नाही. पण आपल्याही घरचे माणूस आत तळमळत असता त्याने दुसऱ्याची चिंता काही प्रहर स्वतःवर घेतली. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्याच उपमेने जाणणे, असे जे आत्मौपम्य सहाव्या अध्यायात (श्लोक ३२) सांगितले आहे, ते याहून निराळे नाही. सकाळी दोघांच्या वाटा वेगळ्या होतील. तथापि त्या रात्री आपण एकटे नाही हे निजणाऱ्याला कळले, आणि जागणाऱ्यालाही कळले. हाच तो ऋणाविना जडलेला अनुबंध.

येथे कोणी शंका घेईल की, भगवंतांनी पात्र पाहण्यास सांगितले आहे. अनोळखी माणसाची पात्रता कशी ओळखावी? द्रव्य देताना विचार अवश्य करावा. परंतु तहानेल्याची तहान हीच पाण्यापुरती त्याची पात्रता होय. भागवताच्या नवव्या स्कंधातील रंतिदेव राजाला ४८ दिवस पाणीदेखील मिळाले नव्हते. पुढे अन्न आले, ते त्याने आलेल्या अतिथींना वाटले. एकाच्या तृषेपुरते पाणी उरले, तोच समाजाने हीन मानलेला एक मनुष्य पाणी मागत आला. राजाने त्याचे कुळ विचारले नाही. त्याचा थकलेला स्वर ऐकला आणि पाणी त्याच्या स्वाधीन केले. सिद्धी नकोत, मोक्षही नको. सर्व प्राण्यांचे दुःख आपल्या वाट्यास यावे, एवढेच त्याचे मागणे होते.

मात्र एक सावधगिरी हवी. सत्काराविना व तुच्छतेने दिलेले दान गीतेने तामस ठरविले आहे (१७-२२). दारी आलेल्याला पाणी दिले, पण तांब्या आदळून दिला, तर तहान भागते आणि मन दुखावते. याउलट आषाढीच्या वारीत अनोळखी वारकरी एकमेकांस ‘माउली’ म्हणतात आणि परस्परांच्या पायांना हात लावतात. तेथे देणारा वरचा आणि घेणारा खालचा, हा भेदच उरत नाही.

गृहस्थाला रंतिदेवाइतका त्याग साधेल असे नाही. पण आरंभ त्याच्या हाती आहे. दिवसातून एकदा तरी, ज्याचे नाव ठाऊक नाही अशा एखाद्याचे ओझे क्षणभर उचलावे, त्याला वाट दाखवावी, बसायला जागा द्यावी, निदान त्याच्याशी गोड बोलावे. त्याने आभार मानले नाहीत म्हणून मन खट्टू झाले, तर आपण मनातल्या मनात यादी लिहीत होतो असे समजावे, ती तेथेच पुसावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.