तापानंतरचे रेंगाळणारे दुखणे आणि मुलांचे हृदय

पावसाळा सरू लागला की आपल्या लष्कर भागात मुलांच्या तापाच्या साथी सुरू होतात. ताप चार-सहा दिवसांत उतरतो, मूल शाळेत जाऊ लागते. पुढे महिना-दोन महिन्यांनी एखादी आई म्हणते, "पोर पूर्वीसारखे नाही हो, जिना चढले की दम लागतो, संध्याकाळी खेळायलाही जात नाही." घरातील वडीलधारी म्हणतात, "लाड झाले, दुसरे काय!" या तक्रारीचा उलगडा करण्यास हृदयाचे चित्र कितपत उपयोगी पडते, ते येथे थोडक्यात पाहू.

कॉक्सॅकी, डेंग्यू, कोरोना इत्यादी विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूस सूज आणतात. तीस मायोकार्डायटिस म्हणतात. याहून निराळा प्रकार २०२० साली दिसून आला. कोरोनाची लागण होऊन दोन ते सहा आठवडे लोटल्यावर काही मुलांस पुन्हा ताप येई, डोळे लाल होत, अंगावर पुरळ उठे आणि हृदयाची शक्ती मंदावे. शत्रूशी लढलेली शरीराची फौजच जणू घरच्यांवर उलटे. त्याच वर्षी मुंबईच्या बालरोगतज्ज्ञांनी अशा २३ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी अनेकांची प्रकृती रुग्णालयात येताना अत्यवस्थ होती.

अशा वेळी पहिला आधार असतो तो 'एको' तपासणीचा. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. एडलर व पदार्थवैज्ञानिक हर्ट्झ यांनी, धातूतील चिरा शोधण्याचे ध्वनियंत्र हृदयावर लावून पाहिले. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी ऐकावा, तसाच हा प्रकार. फक्त ध्वनी कानास ऐकू न येणारा. यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत. डावा कप्पा दर ठोक्यास आतील रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के बाहेर ढकलतो. हे प्रमाण बरेच घटले की स्नायू दुबळा झाला असे समजावे. फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांना मात्र २०२० मध्ये असे आढळले की, कोरोनोत्तर दाहाच्या काही मुलांत हे प्रमाण ठीक असूनही स्नायूचे आकुंचन सूक्ष्मपणे कमी असते.

दुसरे साधन एम.आर.आय.चे. स्नायूत सूज आहे की वण पडला आहे, हे ते दाखविते. तथापि मुलास बराच वेळ निश्चल पडावे लागते. लहानग्यास गुंगीही द्यावी लागते. सबब ही तपासणी सरसकट करावयाची नव्हे.

आता अभ्यासातील मुख्य मेख. केवळ थकलेल्या मुलांची चित्रे जमवून भागत नाही; त्याच वयाच्या, पूर्ण बऱ्या झालेल्या मुलांची चित्रे शेजारी ठेवावी लागतात. एरवी वाढत्या वयातील सहज फरकही रोग वाटू लागतो. थकलेले मूल कोणास म्हणावे, हेही आधी ठरले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मुलांसाठी व्याख्या केली: कोरोनाच्या लागणीपासून तीन महिन्यांच्या आत सुरू झालेला व निदान दोन महिने टिकलेला त्रास.

आजवरच्या पाहणीचे सार दिलासा देणारे आहे. दाहाने दुबळी झालेली बहुतेक हृदये काही महिन्यांत पूर्ववत होतात. नुसत्या थकव्याच्या मुलांत तर चित्र बहुधा निर्दोषच येते. परंतु येथेच चूक होते. चित्र चांगले आले म्हणजे हृदय सुखरूप आहे, एवढेच सिद्ध झाले. मूल ढोंगी आहे, हे नव्हे. थकव्याचे मूळ अन्यत्र असू शकते.

म्हणून पालकांनी व शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे. तापानंतर छातीत दुखणे, धडधड, धाप, किंवा धावताना भोवळ येणे, यांपैकी काही दिसल्यास खेळ थांबवून मुलास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. कोणती तपासणी करावी, हे त्यांनाच ठरवू द्यावे. मायोकार्डायटिस ठरल्यास तीन ते सहा महिने दमछाकीचे खेळ वर्ज्य असतात, मग मूल कितीही हुशारीत दिसो. आणि चित्र निर्दोष आले, तरी कवायतीच्या तासाला दमून बसलेल्या मुलास आळशी म्हणू नये. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. हृदयाचे चित्र यंत्र काढील. मुलाचे ऐकणे मात्र आपल्याच हाती आहे.