रुंदी नको विचारूस, ऑफसेट विचार

चि. ओंकार,


त्या काळ्या रिमांचे फोटो पाहिले. तुझ्या हायलक्सला शोभतील, यात वाद नाही. पण फोनवर तू सदा घाईत असतोस, म्हणून लिहूनच धाडतोय. दुकानदाराला ॲडव्हान्स द्यायच्या आधी वाच.

तू चौकशी केलीस ती सगळी रुंदीची. दुकानदारही रुंदीच सांगणार, कारण गिऱ्हाइकाला तीच दिसते. तुझ्या गाडीचं मूळ १७ इंची रिम साडेसात इंच रुंद आहे आणि त्याचा ऑफसेट अधिक ३०. म्हणजे हबला टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून ३० मिलिमीटर बाहेरच्या अंगाला. तू पसंत केलेलं रिम नऊ इंची, ऑफसेट शून्य. आता हिशेब मांड. आतली कड ११ मिलिमीटर बाहेर येते, आणि बाहेरची कड तब्बल ४९. वजन तेवढंच, पण ते बेअरिंगपासून लांब जाऊन बसतं. खड्डा आला की स्टिअरिंग हातातून हिसका मारतं, पावसात दोन्ही दरवाजे चिखलाने माखतात आणि बेअरिंग वेळेआधी आवाज करू लागतं. रुंद रिम हवंच असेल तर आठ इंची, ऑफसेट अधिक २५ असं शोध. ते बाहेर जेमतेम ११ मिलिमीटर येतं, आत दीडसुद्धा जात नाही. स्पेसर लावून देतो म्हणणाऱ्याला मात्र लांबूनच नमस्कार कर.

टायरचं म्हणशील तर २६५/६५ आर १७ ची उंची ७७६ मिलिमीटर भरते, आणि तुला भुरळ घालणाऱ्या २८५/७० ची ८३१. काटा १०० दाखवेल तेव्हा तू १०७ ने पळत असशील. एवढा खटाटोप करून पोटाखाली मिळतात २७ मिलिमीटर. फुल लॉक मारून एक चाक दगडावर चढव, मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासतंय का ते तिथेच कळेल. शिवाय रुंद टायर वाळूत तरंगतो, पण साचलेल्या पाण्यावरही तरंगतो. तुझा रस्ता कोकणातला, वाळवंटातला नाही. माझं मत विचारशील तर माप कंपनीचंच ठेव आणि नक्षी ऑल-टेरेन घे. लोड इंडेक्स ११२ च्या खाली उतरू नकोस. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. हौद भरून आंब्याच्या पेट्या लादतोस, तेव्हा हा आकडा कामाला येतो. रिमच्या पाठीमागेही भारक्षमता कोरलेली असते. नसेल, तर ते रिम घेऊच नकोस.

बसवताना स्वतः उभा राहा. तुझ्या मूळ अलॉयचा नट हातात घेऊन बघ, पुढे सरळ नळी आणि वर सपाट वॉशर. बाजारातल्या बहुतेक रिमांना निमुळत्या तोंडाचा नट लागतो. जुना नट नव्या भोकात फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण टेकतो नुसत्या कडेवर. दुसरं मधल्या भोकाचं. तुझा हब १०६.१ मिलिमीटरचा. रिमचं भोक त्याहून मोठं असेल तर मापाची रिंग घाल, नाहीतर चाक नीट मध्यावर बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. नट टॉर्क रेंचनेच आवळून घे, पान्यावर उभं राहणारा पोऱ्या नको. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा तपास.

कायद्याचंही ऐकून ठेव. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मापदंडाबाहेरच्या फेरफाराला आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर फेरफाराला ५ हजारांचा दंड आणला, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणून आठ इंची रिमही आधी शोरूम आणि विमावाले यांच्याकडून लेखी मंजूर करून घे. अपघातानंतर त्यांनी टेप लावलेली बरी नव्हे.

आणि घेशील तर पाच घे, चार नव्हे. फोर-बाय-फोर लावून चाललास आणि स्टेपनी वेगळ्या उंचीची निघाली, तर गिअरपेटीपासून डिफरन्शियलपर्यंत सगळं एकमेकांशी भांडतं. मोठं चाक हौदाखालच्या जागेत मावतं का, तेही मोजून घे.

रिमच्या पाठीमागच्या आकड्यांचा फोटो पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा