चिरंजीवांच्या गाडीविषयी

चिरंजीव भाचे यांस मामांचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, बदनापूरच्या लग्नात पंगत बसलेली असताना एक चित्रफीत या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरली, आणि तिच्यात रात्रीच्या समृद्धी महामार्गावर चिरंजीवांच्या नव्या गाडीचा काटा ताशी 160 किलोमीटरच्या पुढे गेल्याचे दिसते, असे पाहणाऱ्यांचे म्हणणे आहे. सांगणाऱ्यांत अंबडच्या आत्या असल्यामुळे ऐकलेल्यातले निम्मे सोडून दिले, तरी उरलेले निम्मे झोप उडवण्यास पुरेसे ठरते.

गाडीची निवड चुकली, असे या पत्राचे म्हणणे नाही, हे प्रथम नमूद केलेले बरे. चिरंजीवांनी घेतलेली 2017 सालची वापरलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही भारतात ज्यांना हॉट हॅचबॅक म्हणतात त्या मोजक्या गाड्यांपैकी एक असून, हॉट हॅचबॅक म्हणजे डिकी वेगळी नसलेली, मागचे दार वर उघडणारी, दिसायला घरगुती पण वजनाच्या मानाने जोरकस इंजिन बसवलेली लहान मोटार होय. या प्रकाराला जगभर नाव मिळवून देणारी गोल्फ जीटीआय 1976 साली विक्रीला आली तेव्हा तिचे इंजिन 110 अश्वशक्तीचे होते. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या आणि 2013 साली बाजारात आलेल्या पोलो जीटी टीएसआयचे 1.2 लिटरचे टर्बो इंजिन 105 अश्वशक्तीचे आहे. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा; तो वेग घेईपर्यंत क्षणभर गाडी सुस्त वाटते आणि मग एकदम पाठीला रेटा बसतो. हा रेटाच मालकांना भुरळ घालतो, आणि 2022 साली भारतातील पोलोचे उत्पादन थांबल्यानंतरही चांगल्या स्थितीतील जीटीला गिऱ्हाईक मिळते, ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

तिच्या गिअरबॉक्सविषयी मालकांचे मत मात्र दुभंगलेले आढळते. डीएसजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सात गिअरच्या स्वयंचलित पेटीत दोन क्लच असतात, त्यांपैकी एक विषम आणि दुसरा सम गिअर सांभाळतो, आणि एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवला जात असल्यामुळे बदल इतक्या झटकन होतो की तो फक्त इंजिनाच्या आवाजावरून कळावा. मोकळ्या रस्त्यावर ही पेटी चालवणाऱ्याला तिची तारीफ केल्यावाचून राहवत नाही. परंतु तिचे क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले, असल्यामुळे जालन्यात मंठा चौफुलीवर किंवा गांधी चमनाच्या गर्दीत हातभर पुढे सरकत थांबत राहावे लागले, की ते तापतात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धक्के देऊ लागते, आणि क्लच किंवा मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलण्याचे काम करणारा इलेक्ट्रॉनिक आणि हायड्रॉलिक भाग, बदलण्याची पाळी आली तर खर्च लाखाच्या घरात बोलला जातो. म्हणून जुने मालक नव्यांना जे बजावतात ते येथेही सांगणे प्राप्त आहे: पुढच्या गाडीला चिकटून रांगू नये, पुरेशी जागा पडल्यावर एकदाच सुटावे, चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेकवर धरावी, आणि बराच वेळ थांबायचा सिग्नल लागल्यास लिव्हर न्यूट्रलवर आणावा. लिव्हर डी वर असताना पेटी इंधन वाचवण्यासाठी वरचे गिअर लवकर घेते. एस वर, म्हणजे स्पोर्टवर, टाकताच तीच गाडी दात ओठ खाऊन धावते, आणि चित्रफीत काढली त्या रात्री लिव्हर कोठे होता हे विचारण्याची आवश्यकता नाही.

कारण प्रश्न त्या रात्रीचा आहे. काटा खऱ्या वेगापेक्षा थोडे अधिक दाखवतो, हा चिरंजीवांचा संभाव्य बचाव मामांना ठाऊक आहे आणि तो मान्यही करता येईल. तरीही ताशी 160 म्हणजे सेकंदाला 44 मीटर, हा हिशेब चिरंजीवांसारख्या अभियंत्याने स्वतः मांडायला हवा होता. समृद्धीची आखणी ताशी 150 किलोमीटर वेग धरून झाली असली, तरी सपाट भागात मोटारींना परवानगी 120 ची आहे. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पूर्ण ब्रेक दाबल्यास 120 ची गाडी थांबण्यास साधारण 70 मीटर लागतात, 160 च्या गाडीला सुमारे 125. आणि धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या दीड सेकंदात आणखी सुमारे 65 मीटर निघून जातात ते वेगळेच. डिपर खाली असताना दिव्यांचा उपयोगी उजेड पन्नास-साठ मीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही, म्हणजे त्या रात्री चिरंजीव जे दिसत नव्हते त्याच्या दिशेने धावत होते, आणि एक हात मोबाइलमध्ये गुंतलेला होता.

रस्ता रिकामा होता, असे म्हणता येईल. द्राक्षांसाठी आणि पाणलोटाच्या कामासाठी महाराष्ट्रभर नाव झालेल्या कडवंचीजवळ जून 2024 मध्ये रात्री समृद्धीवर रस्ता रिकामाच वाटला असणार. इंधन भरून चुकीच्या दिशेने आलेली एक मोटार समोरून आली आणि दोन्ही गाड्यांतील माणसे गेली. त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये वैजापूर तालुक्यात जांबरगावजवळ थांबलेल्या ट्रकवर मिनीबस आदळून बारा जणांचा जीव गेला. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन सुन्न होते, याला रस्ता-संमोहन म्हणतात. आणि समृद्धी सोडून घनसावंगी-अंबडकडे वळल्यावर, ऊसतोडीच्या हंगामात, मागचा दिवा नसलेली ट्रॉली अंधारात पुढे उभी ठाकते तेव्हा संमोहनही लागत नाही. चिरंजीवांच्या घरात हे शिकवण्यास कडवंचीपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. घरातल्या दादांचे पुलावरच्या त्या अपघातात काय झाले हे चिरंजीवांना माहीत आहे. मातोश्रींसमोर ते कोणी काढत नाही, इतकेच.

येथवर लिहिलेले कठोर वाटले असल्यास त्याचे कारण मामांच्या तरुणपणात शोधावे लागेल. त्या काळी मामांजवळ यामाहाची आरएक्स 100 होती, आणि जालना ते भोकरदन रस्ता तिच्यावरून किती कमी वेळात कापला जातो याखेरीज त्यांना दुसरा विषय नव्हता. चिरंजीवांच्या मातोश्री तेव्हा अविवाहित होत्या. अंगारकीला मागे बसवून राजूरच्या गणपतीला न्यावे, असे त्यांनी भावाला म्हटले होते, आणि मागे कोणी बसले की पिकअप जातो, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या एसटीने गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचे लग्न झाले, गाडी विकली गेली, आणि ते उत्तर मात्र विकता आले नाही. वेगवान वाहनाचा मालक हळूहळू एकटा प्रवास करू लागतो, हे कोणत्याही मालकाच्या अभिप्रायात येत नसले तरी या घरापुरते ते सिद्ध झालेले आहे.

चिरंजीवांनी स्वतःच्या पगारातून, कोणापुढे हात न पसरता ही गाडी घेतली, याचा मामांना अभिमान आहे, आणि तो पंगतीतही बोलून दाखवला गेला होता; चित्रफीत त्यानंतर आली. गाडीत ईएसपी, म्हणजे घसरू लागलेल्या गाडीला एकेका चाकाचा ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, आहे, हेही समाधानाचे. परंतु ती यंत्रणा टायरच्या पकडीबाहेरचे काही करू शकत नाही. म्हणून टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे पाहावेत. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे 2317 असे असल्यास तो टायर 2017 च्या तेविसाव्या आठवड्यातला समजावा. इतका जुना रबर नक्षी शाबूत दिसली तरी कडक झालेला असतो, आणि मे महिन्यातील मराठवाड्याच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर त्याचा भरवसा धरू नये. चारही टायर नवे घालावेत. पैशाची अडचण असल्यास मामांना कळवावे, आत्यांना कळवू नये.

वेगाचा विषय आता पुन्हा काढला जाणार नाही, असे लिहिण्याचा विचार होता. तथापि भाचेबुवांनी रात्री दहानंतर समृद्धीवर जाऊ नये, आणि गेल्यास 100 च्या पुढे जाऊ नये, एवढे लिहिल्यावाचून पाकीट बंद करवत नाही. चित्रफीत मातोश्रींनी अद्याप पाहिलेली नाही. ती पुसून टाकावी. येत्या अंगारकीस त्यांना राजूरला न्यावे. त्यांना गाडी लागते, तेव्हा पुढच्या सीटवर बसवावे, काच थोडी खाली ठेवावी, लिव्हर डी वरच राहू द्यावा, आणि घरी परतल्यावर, कितीही वाजलेले असोत, मामांना फोन करावा.