पगारी माणूस की एएमसी?

प्रश्न : इचलकरंजीत आमचं सुट्या भागांचं दुकान आणि गोदाम आहे. १४ संगणक, एक सर्व्हर, टॅली. देखभालीला पगारी माणूस ठेवावा की बाहेर काम द्यावं?

उत्तर : एवढ्या संगणकांना पूर्णवेळ माणसाइतकं काम नसतं आणि तो रजेवर गेला की सगळं अडतं. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करारच घ्या, पण करार नीट वाचा. सुटे भाग धरून आहे की फक्त मजुरी? तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार? दरमहा जीएसटीआर-१ भरत असाल, तर ११ तारखेच्या आसपास उशीर परवडत नाही. अ‍ॅडमिन पासवर्ड, डोमेन, परवाने तुमच्याच नावावर ठेवा; नाहीतर एजन्सी बदलताना हात बांधले जातात. बॅकअपची एक प्रत ऑफिसबाहेर हवी आणि दर तिमाहीला त्यातला डेटा परत आणून दाखवायला सांगा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला; तशी यंत्रं असतील तर त्यांची यादी आधी मागा.

किरकोळ तक्रारी नोंदवून पाठपुरावा करायला ऑफिसातलाच एकजण नेमा. पुढे शाखा वाढल्या किंवा रात्रपाळी सुरू झाली, की पगारी माणसाचा विचार करा.