धरणाचा फोटो, रिसॉर्टची भिंत

प्रश्न : मी तुंगार्लीचा. पावसाळ्यात धरणावर काढलेले माझे काही फोटो एका रिसॉर्टला हवे आहेत. एकरकमी पैसे देऊन ‘सर्व हक्क’ मागतात. सही करू का?
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : एवढ्यात नको. फोटो तुम्ही आपणहून काढलेत, म्हणजे १९५७च्या कॉपीराइट कायद्याने पहिले मालक तुम्हीच. नोंदणीचीही सक्ती नाही. (त्यांनीच पैसे देऊन काढून घेतले असते, तर वेगळा करार नसल्यास हक्क त्यांचे ठरले असते. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना हे अनेकदा माहीतच नसते.)

‘सर्व हक्क’ देणे म्हणजे घर विकणे. परवाना देणे म्हणजे भाड्याने देणे. रिसॉर्टला भिंतीवर आणि माहितीपत्रकात फोटो हवा असेल, तर परवाना पुरतो. तो लेखीच द्या : कोणता फोटो, कशासाठी, किती काळ, कुठे, किती पैसे. ‘अनन्य नाही’ हे शब्द घाला, म्हणजे तोच फोटो कॅलेंडरवाल्यालाही देता येईल.

हक्कच विकायचे ठरले, तर मुदत जरूर लिहा. ती न लिहिल्यास कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश न लिहिल्यास भारतापुरते. २०१२च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे टिकतो; एका हंगामाच्या पैशांत तो कायमचा देऊन टाकणे मला तरी महाग वाटते.

फोटोत पर्यटकांचे चेहरे ओळखू येत असतील, तर जाहिरातीआधी त्यांची लेखी संमती घ्या. मूळ फाइल मात्र कोणालाच देऊ नका.